बिनअंड्याचं टिरामिसू

"हे टिरामिसू नाही," एलिओ म्हणाला.

त्यानं चमचा बशीत हळूच ठेवला. समोर माझा नवरा गजानन उभा होता. भर उन्हात मोटारसायकलवरून कोल्हापूरला जाऊन, बर्फाच्या पिशव्यांत गुंडाळलेला तो डबा टाकीवर धरून तो इचलकरंजीला परत आला होता. शर्ट अजून पाठीला चिकटलेला होता.

"काय म्हणतोय?" त्यानं मला विचारलं.

"गोड छान आहे म्हणतोय."

"मग मान कशाला हलवतोय?"

मी खरं काय ते सांगितलं. एलिओचं इंग्रजी मोडकं आणि माझं कॉलेजातलं, त्यामुळे आमचं दोघांचं बरं जमायचं. घरात इंग्रजी बोलणारी मी एकटीच. तो आल्यापासून दिवसभर मी त्याच्या मागं आणि बाकीचं घर माझ्या मागं असा प्रकार होता. एलिओ इटलीतल्या त्रेविझोचा. साठीला आलेला, हातांवर जुन्या जखमांचे वण असलेला. नवीन माग उभा करून द्यायला कंपनीनं पाठवलेला फिटर. आमच्या वरच्या खोलीत राहायचा, भाकरी आवडीनं खायचा आणि मिरचीला घाबरायचा.

"लेबल हाय की!" गजाननने झाकण उलटं करून त्याच्यासमोर धरलं. "हे बघा. टिरामिसू. शंभर टक्के एगलेस."

एलिओनं त्या शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं. "हेच. अंडं नाही, तर हे नाव लावता येत नाही."

"का?"

"नावामुळे."

"मग नावाचा अर्थ काय?"

स्वयंपाकघराच्या दारातून माझ्या सासूबाई, आक्का, म्हणाल्या, "बाईचं नाव असंल. मिसू."

"न्हाई आक्का, गावाचं असणार," रज्जाकभाई म्हणाले. ते आमचे जॉबर, म्हणजे कारखान्यातल्या मागांचे डॉक्टर. "आपली वाडीची बासुंदी असती, तसं."

मी दोन्ही अंदाज एलिओला सांगितले. तो इतका हसला, की त्याला ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाला, "उद्या. उद्या कापड निघालं की सांगतो. लांब गोष्ट आहे. आणि धडधाकट उभ्या असलेल्या माणसाला ती सांगून कळत नाही."

"घ्या!" गजानन म्हणाला. "म्हंजे अर्थ कळायला आडवं पडावं लागतंय काय आता?"

आज असली शंका कुणीही खिशातल्या फोनला विचारतं. तेव्हा आमच्या घरात फोन होता तो नुसता बोलायचा.

उद्या कापड निघणं म्हणजे काय, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आमच्या कारखान्यातले जुने साधे माग मोडीत गेले होते आणि त्यांच्या जागी हा एक इटालियन रॅपिअर आला होता. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याशिवाय चालणारा, चार मागांचं काम एकटा करणारा. दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईचे दोशी येणार होते. त्यांना निर्यातीचं शर्टिंग हवं होतं. माग चालताना डोळ्यांनी बघणार, कापड हातात घेणार, आणि पटलं तर वर्षभराचं काम आमचं. न पटलं तर त्यांची गाडी तशीच पुढं भिवंडीला जाणार. गजाननच्या दोन्ही चुलत भावांनी "माग विकू नको" म्हणून सांगितलं होतं, आणि ते दोघं या दिवसाची आमच्यापेक्षा जास्त वाट बघत होते.

"आक्का, तू एक घास घे की," गजानन म्हणाला. "अंडं न्हाई म्हणतोय ह्यो स्वतःच."

"नको बाबा. अंड्याचं नाव तरी घेतलंय न्हवं त्येच्यापुढं," आक्का म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती एका दणक्यानं. मग दुसरा. मग तिसरा, आणि त्याच्यापाठोपाठ काहीतरी फुटल्याचा आवाज. कारखाना घराला लागूनच. मी धावले. माझ्या पुढं गजानन धावत होता, आणि जिन्यावरून एलिओ, एका पायात चप्पल घालून.

आक्का मागापुढं उभ्या होत्या. नवीन इरकली नेसलेल्या, कपाळावर कुंकू ताजं. मागाला हळद-कुंकवाची बोटं लावलेली, उदबत्ती खोचलेली. त्यांच्या दोन्ही हातांत नारळाची दोन भकलं होती, आणि पाणी मागाच्या कडेच्या लोखंडी पेटीवरून आत ओघळत होतं. त्या पेटीत मागाचा मेंदू होता. तिच्यावरचे हिरवे दिवे एकेक करून लाल झाले आणि मग सगळेच विझले.

"फुटंना झालता," आक्का म्हणाल्या. त्यांना अजून काही कळलं नव्हतं. "ह्या मागाला कुठं कोपराच न्हाई. सगळं गुळगुळीत. त्या पेटीलाच तेवढा कोपरा घावला."

आमच्याकडं माग सुरू होण्याआधी त्याच्यावर नारळ फोडतात. फोडणारा हात आक्कांचाच, सासरे होते तेव्हापासून. जुना माग ओतीव लोखंडाचा. त्याच्यावर नारळ काय, घण मारला तरी त्याला पत्ता लागायचा नाही. पाणी वाहून जायचं, माग खडखडायला लागायचा. एलिओनं सांगितलं होतं, पाणी नको, धूर नको. मी ते सगळ्यांना सांगितलंही होतं. "दोशी आले की लांबून पूजा करू," असं गजानन आईला म्हणाला होता. पण माग आठ वाजता चालवून बघायचा ठरलेला, आणि नारळ चालवण्याआधी फोडायचा असतो. चाललेल्या मागावर फोडलेल्या नारळाला आक्कांच्या लेखी काही अर्थ नव्हता.

गजानन ओरडला. मी लग्न होऊन आल्यापासून त्याचा असा आवाज ऐकला नव्हता.

"आक्का! काय केलंस हे! सगळं पाण्यात घातलंस! लाखदा सांगितलं तुला, लाखदा! जा घरात. आणि परत ह्या कारखान्यात पाय ठिवायचा न्हाई!"

बाहेर सकाळच्या पाळीची माणसं जमली होती. त्यांनी ऐकलं. आक्कांनी भकलं हळूच खाली ठेवली, पदरानं हात पुसला आणि कुणाकडंही न बघता घरात गेल्या. त्यांच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आम्हाला कारखान्यात ऐकू आला.

एलिओ तोवर गुडघ्यांवर बसला होता. तो ओरडला नाही. मेन स्विच बंद केला, पेटीचं दार उघडलं, आत बॅटरी मारली आणि इटालियनमध्ये काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणतोय?" गजाननने विचारलं.

"ते सांगण्यासारखं नसावं," मी म्हटलं.

"जळालं का?"

एलिओनं खांदे उडवले. जळालं असेल तर सर्किटची नवीन पाटी इटलीहून यायला पाहिजे. जळालं नसेल तर वाळवायला पाहिजे. यातलं कुठलं, हे वाळवल्याशिवाय कळणार नाही. घाईनं करंट दिला तर जे जळालेलं नाही तेही जळेल.

मग जी धावपळ झाली ती सांगण्यासारखी आहे. रज्जाकभाईंनी औषधाच्या दुकानाचं शटर वाजवून स्पिरिट आणलं. एलिओनं पेटीतल्या हिरव्या पाट्या एकेक करून बाहेर काढल्या आणि दाढीच्या ब्रशनं, स्पिरिटमध्ये बुडवून, एकेक पिन धुतली. ब्रश त्याचा स्वतःचाच. माझ्या लग्नातला हेअर ड्रायर, जो मी दोनदासुद्धा वापरला नव्हता, तो रज्जाकभाईंनी हातात धरला आणि पाट्यांवर गार वारा सोडत बसले.

"केस वाळवायचं हेच्यात काय अवघड न्हाई," ते म्हणाले. "फक्त भांग कुठं पाडायचा ते सांगा."

कुणी हसलं नाही. एलिओनं सुताचं एक रिकामं खोकं घेतलं, त्याला वरून भोक पाडून आत बल्ब सोडला, पाट्या आत मांडल्या आणि झाकण लावलं. कोंबडीची पिल्लं उबवायला ठेवतात तसं.

"आता?" गजाननने विचारलं.

"आता थांब," एलिओ मराठीत म्हणाला. त्याला येणाऱ्या मोजक्या शब्दांतला तो एक.

थांबणं गजाननला जमण्यासारखं नव्हतं. तो खोक्याभोवती फेऱ्या मारायला लागला. दोशींना फोन करून उद्या या म्हणावं का, हे त्यानं मला विचारलं, रज्जाकभाईंना विचारलं, एलिओला विचारलं. पण फोन केला नाही. एकदा "उद्या" म्हटलं की दोशी येत नाहीत, हे त्यालाही माहीत होतं.

मी घरात आले. आक्कांच्या दारावर टकटक केली. "आक्का, चहा टाकलाय."

थोड्या वेळानं मी पुन्हा दाराशी गेले.

"आक्का, भाकरी केली. दोन घास खाऊन घ्या."

"मला नको. तुम्ही खावा," आतून आलं. मी दाराच्या फटीतून वाकून बघितलं. भिंतीकडं तोंड करून त्या आडव्या पडल्या होत्या, नवीन इरकली तशीच अंगावर. दिवसा आडव्या पडलेल्या मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. तापातसुद्धा.

वळले तर स्वयंपाकघरात एलिओ उभा होता.

"पेटीचं दार," तो हळू आवाजात म्हणाला. "रात्री मी बंद केलं नाही. नुसतं टेकवलं. खटका लावला असता तर पाणी बाहेरून गेलं असतं. आत गेलं नसतं. मी तुझ्या नवऱ्याला सांगितलं. त्याला इंग्रजी कळलं नाही, आणि तू तिथं नव्हतीस."

मी तशीच कारखान्यात गेले आणि गजाननला सांगितलं.

"मग मी काय करू आता?"

"आक्कांना सांगा जाऊन."

"माग चालू झाला की सांगतो."

"आणि नाही झाला तर?"

तो पुन्हा फेऱ्या मारायला लागला.

मी परत आले तेव्हा एलिओनं बाह्या वर केल्या होत्या. "अंडी कुठं आहेत?"

"एलिओ, या घरात अंडी येत नाहीत."

"दोन फक्त. आणि साखर. तुझ्या सासूसाठी."

"तुम्ही अंड्याचं नाव जरी काढलंत ना, तर त्या आज उठायच्या त्या चार दिवस उठणार नाहीत."

तो ओट्याला टेकला. मग एकदम म्हणाला, "तुला आता सांगतो. कापड नाही निघालं, पण वेळ हीच आहे." आणि तो फरशीवर बसला. नुसता बसला नाही, आडवाच झाला. हात माझ्याकडं वर केला. "ओढ."

"काय?"

"ओढ मला. वर."

मी इकडंतिकडं बघितलं, कुणी नाही असं बघून दोन्ही हातांनी त्याला ओढलं. माणूस वजनदार होता. कसाबसा उठून बसला, घामेघूम झालेला आणि खूश.

"तिरा, ओढ. मी, मला. सू, वर. मला वर ओढ. टिरामिसू. एवढंच नाव आहे ते. गावाचं नाही, बाईचं नाही."

"पण गोडाच्या पदार्थाला असलं नाव?"

मग त्यानं ओट्याशी उभं राहून सांगितलं, आणि हातानं हवेत सारखं काहीतरी फेटत सांगितलं. त्याच्या लहानपणी हे गोड नव्हतंच. मस्कारपोनेची मलई नाही, बिस्किटं नाही, वर कोको नाही. होतं ते एवढंच, की अंड्याचा पिवळा बलक आणि साखर वाटीत घालून चमच्यानं पांढरं होईपर्यंत फेटायचं. बाळंतिणीला द्यायचं, आजाऱ्याला द्यायचं, म्हाताऱ्यांना द्यायचं. कडाक्याच्या थंडीत शाळेला निघालेल्या पोरांना द्यायचं. कुणी त्यात कॉफी घालायचं, कुणी वाइन. पडलेल्याला उठवायचं खाणं. त्यातूनच पुढं कुणीतरी कॉफीत भिजवलेली बिस्किटं मांडली, वर ती मलई चढवली आणि त्याला हे नाव दिलं.

"कुणी?"

"ते विचारू नकोस," तो म्हणाला. "माझ्या गावातलं एक हॉटेल म्हणतं आम्ही. वरच्या डोंगराकडचे, फ्रिउलीचे लोक म्हणतात, तुमच्या आधी आम्ही. दोघंही पुरावे दाखवतात, दोघंही एकमेकांना खोटं म्हणतात. आणि तिसरी एक गोष्ट आहे, ती सिन्योरासमोर, बाईमाणसासमोर, सांगण्यासारखी नाही. मी माग दुरुस्त करतो. निकाल देत नाही."

"म्हणून म्हणालात, अंड्याशिवाय नाही."

"हो. ते कोल्हापूरचं गोड होतं. पण ते कुणाला उठवणार?" त्यानं फेटणारा हात खाली घेतला. "वडील गेले तेव्हा माझी आई अशीच भिंतीकडं तोंड करून पडली. बहिणीनं फेटून दिलं, आईनं तोंड फिरवलं. मावशीनं दिलं, तेच." मग हात झटकून म्हणाला, "ते राहू दे. तुमच्यात काय देतात? पडलेल्या माणसाला?"

मी फडताळातून डिंकाची बरणी काढली. बाळंतिणीला डिंकाचे लाडू देतात, थकलेल्याला देतात, थंडीत सगळ्यांनाच देतात. माझ्या दोन्ही बाळंतपणांत ते आक्कांनी केले. रज्जाकभाईंच्या सुनेला पहिला मुलगा झाला तेव्हा पितळी डबा भरून तिच्याकडं पाठवले. बरणी हातात धरून उभी असताना माझ्या लक्षात आलं, की आक्कांना ते कुणी करून दिल्याचं मला आठवत नाही.

"हे कसं करतात?" एलिओनं विचारलं.

"तुपात तळायचं. फुलतं. मग..."

माझं बोलणं पुरं व्हायच्या आत त्यानं कढई गॅसवर ठेवली, तूप घातलं, आणि तूप पुरतं पातळसुद्धा झालेलं नसताना बरणीतला डिंक त्यात ओतला. सगळा.

"अहो, थांबा!"

डिंक कडकडीत तुपात पडला की तडतडतो, लाहीसारखा फुलतो. थंड तुपात पडला की गप्प बसतो आणि दगड होतो. कढईतून आवाजच येईना. एलिओ झाऱ्यानं ढवळायला लागला. मी झारा घ्यायला हात पुढं केला.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. "रोहिणी! तूप तापल्याबगर डिंक घातलास व्हय गं?"

मी तोंड उघडलं. एलिओनं बोट ओठांवर ठेवलं. त्याचे डोळे चमकत होते. तो आणखी जोरानं ढवळायला लागला, झारा कढईवर आपटत.

"अगं, ऱ्हाऊ दे! दाताला चिकटंल! कुणी शिकीवलं तुला?"

एलिओनं गॅस आणखी बारीक केला.

माझं हसू पोटात मावेना. मी पदर तोंडात धरला. आतून बांगड्यांचा आवाज आला, मग कडीचा. दार उघडलं. आक्का दारात आल्या. विस्कटलेले केस, डोळे सुजलेले. कढईपुढं एलिओला बघून क्षणभर थबकल्या. मग त्यांनी सरळ त्याच्या हातातला झारा काढून घेतला.

"सरक."

तो सरकला. मराठी येत असल्यासारखा.

"सगळ्या डिंकाचं वाटोळं केलं बाबानं. रोहिणी, बघत काय ऱ्हायलीस? वरच्या फळीवर दुसरी पुडी हाय, काढ. हे बाजूला कर. तूप वाढव. गॅस मोठा कर. ह्यो कुठला आलाय सैपाक करणारा!"

"काय म्हणतायत?" एलिओनं हळूच विचारलं.

"तुमचं कौतुक करतायत."

"माझी आईसुद्धा असंच कौतुक करायची," तो म्हणाला. "बहिणीचं खाल्लं नाही, मावशीचं खाल्लं नाही. मग माझी पाळी आली. मला फेटता येईना. चमच्याचा आवाज चुकीचा यायला लागला. आई उठली आणि वाटी माझ्या हातातून ओढून घेतली. गोडानं कुणी उठत नाही, सिन्योरा. कुणीतरी बिघडवायला लागलं की उठतं."

डिंक तडतडला. टपोरा, पांढरा, फुलून वर आला. लाडू वळायला वेळ नव्हता, म्हणून आक्कांनी तो वाटीनं चुरला, गूळ, खोबरं आणि वेलदोडा घातला आणि वर गरम दूध ओतून दाट खीर केली. पहिली वाटी एलिओपुढं धरली. त्यानं घेतली आणि तशीच त्यांच्यापुढं धरली.

"आधी पाहुण्यानं," आक्का म्हणाल्या.

"सांग त्यांना," तो मला म्हणाला, "आमच्याकडं जो आडवा होता, तो आधी खातो."

मी सांगितलं. आक्कांनी माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं. मग ओट्याशी उभ्या राहूनच त्यांनी खाल्लं. पूर्ण वाटी. खाताना एकदा पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "गूळ जरा कमीच पडला."

दुपार कलायच्या आत एलिओनं खोकं उघडलं. पाट्या कोरड्या होत्या, हाताला कोमट लागत होत्या. त्यानं प्रत्येक पाटी उजेडाकडं धरून बघितली, हुंगली आणि जागेवर बसवली. पेटीचं दार लावलं. खटका दोनदा ओढून बघितला.

गजाननच्या कपाळावर घाम होता. रज्जाकभाई तोंडानं काहीतरी पुटपुटत होते. मी मेन स्विचपाशी. आक्का कारखान्याच्या उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या.

"आक्का, आत या की," रज्जाकभाई म्हणाले.

"नको. मालकाचा हुकूम हाय."

गजाननने ऐकलं. मान वर केली नाही.

"चला," एलिओ म्हणाला.

मी स्विच ओढला. पेटीवर लाल दिवा लागला. तसाच राहिला. एलिओनं बटण दाबलं. लालच. त्यानं पुन्हा एक पाटी बाहेर काढली, फुंकर मारली, पुन्हा बसवली. बटण दाबलं. लाल दिवा लुकलुकला, गेला, आणि एकामागून एक हिरवे लागत गेले. एलिओनं दुसरं बटण दाबलं.

माग सुटला. जुन्या मागांच्या खडखडाटात माझं अर्धं आयुष्य गेलं होतं, पण हा आवाज वेगळा होता. सलग, धारेसारखा. बाणा, तो आडवा धागा, डोळ्यांना दिसत नव्हता. दिसत होतं ते कापड. इकडं काही नव्हतं आणि तिकडून निळ्या रेघांचं शर्टिंग येत होतं, बोटभर, वीतभर, हातभर. रज्जाकभाईंनी टाळी वाजवली. सकाळच्या पाळीची माणसं गेलीच नव्हती. ती खिडक्यांतून ओरडायला लागली. एलिओनं रज्जाकभाईंना मिठी मारली आणि दोघांचे ग्रीसचे हात एकमेकांच्या पाठीवर उमटले. मी ओरडत होते. काय ते आठवत नाही.

आणि त्याच गोंधळात फाटकाशी गाडी थांबली.

दोशी उतरले. पांढरा सफारी, हातात छोटी बॅग. त्यांनी उंबऱ्याशी चपला काढल्या, आक्कांना नमस्कार केला आणि आत येऊन मागापुढं उभे राहिले. कापड दोन बोटांत धरलं, उजेडाकडं करून बघितलं, काठ चिमटीत घेऊन ओढला. मग दोशींची नजर मागावरच्या कुंकवाकडं गेली.

"गजाननभाऊ, एक विचारू? हे माझ्या मालाचं पहिलं कापड. मुहूर्ताचं." मागाच्या आवाजावर आवाज चढवून ते म्हणाले, "नारळ फोडला ना? बिननारळाच्या मशीनचा माल मी घेत नाही. माझ्या वडिलांचा नियम."

रज्जाकभाईंनी छताकडं बघितलं. काही कळलं नव्हतं ते एकट्या एलिओला, आणि तो माझी बाही ओढत होता, काय झालं म्हणून.

गजानन वळला. उंबऱ्यापर्यंत गेला. आक्का मागं सरकल्या, पण त्यानं त्यांचा हात धरला आणि त्यांना उंबऱ्याच्या आत ओढून आणलं, तसंच मागापर्यंत आणलं.

"फोडला, शेठ," तो ओरडून म्हणाला, खिडकीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. "आज पहाटेच फोडला. आमच्या आक्कानं फोडला. आमच्याकडं आक्काच फोडती."

"मग झालं," दोशी म्हणाले आणि त्यांनी बॅग उघडली.

आक्का लेकाकडं बघत होत्या. पहाटेपासून त्या त्याच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"गजा," त्या म्हणाल्या, "शर्टाची गुंडी लाव. पावणं आल्यात."